मदत हवी आहे: काळी पट्टी मारली, तरी पत्ता दिसतोच!

नमस्कार मंडळी. अभिलेख कक्षातले जुने ठराव आणि सभांची इतिवृत्तं स्कॅन करून लोकांसाठी खुली करायचं काम माझ्याकडे आलंय. अर्जदारांचे पत्ते, फोन नंबर झाकायला पीडीएफवर काळे चौकोन टाकले. काल सहज त्यावरून माउस ओढून कॉपी केलं, नोटपॅडमध्ये पेस्ट केलं, तर अख्खा पत्ता हजर! चौकोनाखाली ओसीआरचा (स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून संगणकाने तयार केलेला) मजकूर जसाच्या तसा. घामच फुटला. नशीब, फाइल अजून बाहेर गेली नव्हती.

पानं चित्र म्हणून साठवली तर मजकूर जातो, पण मग शोध चालत नाही. झाकल्यावर पुन्हा ओसीआर करायचं का? आणि न झाकलेली मूळ प्रत पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) स्वरूपात जपताना दोन्हींना एकच नोंद क्रमांक देता की वेगळे?