मदत हवी आहे: काकांसाठी सिलिकॉनचा डोळा, हाताने घडवलेला की स्कॅन करून? (ठाणे / नवी मुंबई)

कळव्याची पुतणी

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरूर लिहा.

२०२१ मध्ये कोविडपाठोपाठ काकांना म्युकर (काळी बुरशी) झाला. जीव वाचवण्यासाठी उजवा डोळा पापण्यांसकट काढावा लागला. बुरशी टाळूपर्यंत गेली नव्हती, त्यामुळे खाणं-बोलणं व्यवस्थित आहे, आणि साखरही आता आटोक्यात आहे. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब बघतात. आजवर पट्टी आणि काळ्या चष्म्यावर निभावलं. परवा स्वतःहून म्हणाले, "बोलताना समोरचा पट्टीकडे बघतो, माझ्याकडे नाही. काहीतरी करू या." आजारपणानंतर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं ते हेच, म्हणून मला ते नीटच करायचं आहे.

नवी मुंबईतल्या एका डेंटल कॉलेजच्या प्रोस्थो विभागात (कृत्रिम दात, अवयव बनवतात तिथे) दाखवलं. तिथे सगळं काम हाताने. खोबणीचा ठसा घेणार, त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेणात पापण्या आणि भोवतालची त्वचा कोरून ते काकांच्या चेहऱ्यावर लावून बघणार. पसंत पडलं की सिलिकॉन. फेऱ्या बऱ्याच होतील, खर्च झेपेल. ठाण्यातल्या एका खाजगी क्लिनिकने सांगितलं की चेहऱ्याचा स्कॅन घेऊन डाव्या डोळ्याचा आकार कॉम्प्युटरवर उलटवून उजवीकडे बसवू आणि प्रिंट करू. फेऱ्या कमी, पैसे कितीतरी जास्त. रंग कोण भरणार, फाइल आम्हाला मिळणार का, यावर धड उत्तर आलं नाही.

माझं मन कॉलेजकडे झुकतंय. तिथल्या मॅडमनी काकांना खिडकीशी बसवून गालाचा रंग निरखून पाहिला, ते मला फार भावलं. पण काकांनी लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातली नोव्हेंबर २०२१ ची, थ्रीडी प्रिंट केलेल्या डोळ्याची बातमी वाचली आहे आणि त्यांना तसाच हवा आहे. २०२१ चा सीटी स्कॅन आमच्याकडे आहे, तो चालेल का? आणि गाळ्यावरच्या घामात, धुळीत हे टिकतं कसं?

साचेकार

मी अशाच कामाच्या लॅबमध्ये आहे. मूरफिल्ड्सचा तो डोळा पापण्यांच्या आत बसणारा होता. काकांना पापण्या, भोवतालची त्वचा आणि डोळा असा अखंड तुकडा लागेल. तो उघडझाप करणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगा, नंतर मन खट्टू व्हायला नको.

जुन्या सीटीवर विसंबू नका. सीटी आडवं झोपवून काढतात, बहुधा डोळे मिटलेले असतात. गाल मागे ओघळलेला आणि पापणीची फट कळतच नाही. शिवाय ऑपरेशननंतर खोबण भरत, आकसत जाते. ताजं माप हवंच. स्कॅनरच्या प्रकाशाला खोबणीतल्या आत वळलेल्या कडा नीट दिसत नाहीत आणि तुकडा अडकून राहायला नेमक्या त्याच कडा उपयोगी पडतात. तिथे ठसाच घ्यावा. डाव्या पापणीची घडण उलटवून घ्यायला मात्र स्कॅन उत्तम, हाताने ते जमायला वर्षांचा सराव लागतो. नजर तर दोन्ही पद्धतींत माणसाला ताठ बसवून, लांब बघायला लावूनच जुळवतात.

आणखी एक. बहुतेक ठिकाणी प्रिंटर सिलिकॉन छापत नाही, नमुना किंवा साचा छापतो. सिलिकॉन पुढे माणूसच भरतो, थराथराने रंग मिसळत, शिरांसाठी बारीक लाल तंतू टाकत. म्हणून तुम्ही विचारलेला रंगाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, उत्तर मिळेपर्यंत सोडू नका. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो, तेव्हा काकांना बाहेर नेऊनही बघा.

साधारण दीड-दोन वर्षांत सिलिकॉनचा रंग उतरतो, कडा फाटायला लागतात, मग नवा करावा लागतो. फाइल हाताशी असेल तर आकार पहिल्यापासून घडवावा लागत नाही. प्लास्टरचा साचा झिजतो, फुटतो. काम कुठेही करा, डिझाइनची एसटीएल फाइल (प्रिंटरला लागणारी थ्रीडी आकाराची फाइल) आणि रंगाचं मिश्रण लेखी मागून घ्या.

ऐरोलीकर

माझ्या मिस्टरांचा कान सिलिकॉनचा आहे, त्यावरून सांगते. गोंदावर बसवलेला असताना उन्हाळ्यात लोकलच्या गर्दीत कड सुटायची, सारखा हात तिकडे जायचा. पुढे हाडात टायटॅनियमचे इम्प्लांट घालून चुंबकावर बसवला, तेव्हा ते निर्धास्त झाले. पण म्युकरनंतर भुवईखालचं हाड कसं आहे हे बघितल्याशिवाय कुणी इम्प्लांटला हो म्हणणार नाही, आणि साखर ताब्यात असल्याचे रिपोर्टही लागतील. पुढे कधी एमआरआयची वेळ आली तर चुंबकांबद्दल आधी सांगायचं.

तोवर जाड फ्रेमचा चष्मा घ्या, कड फ्रेमच्या सावलीत झाकली जाते. रोज रात्री तुकडा काढून सौम्य साबणाने धुवायचा, खोबणही स्वच्छ करायची. कांद्याची धूळ असेल तर हे अजिबात चुकवू नका.

कळव्याची पुतणी

दोघांचे मनापासून आभार. ताई, चष्म्याचं काकांना लगेच पटलं. उघडझाप होणार नाही हेही सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, चालेल.

आज मी कॉलेजच्या मॅडमशी बोलले. खोबणीचा ठसा आणि रंग त्या स्वतः करणार. डाव्या बाजूचा स्कॅन आम्ही बाहेरून करून आणला तर तो उलटवून, प्रिंट करून मेणकामासाठी समोर ठेवायला त्या तयार आहेत. इम्प्लांटचं हाड बघून नंतर ठरवू. तर आता एवढंच हवं आहे: ठाणे ते पनवेल पट्ट्यात नुसता चेहऱ्याचा स्कॅन करून फाइल हातात देणारं कुणी आहे का? डेंटल लॅबवाल्यांकडे तोंडात घालायचा छोटा स्कॅनर असतो, त्याने अख्खा गाल आणि पापणी नीट येते का, की फेस स्कॅनरच शोधू? साचेकार, तुम्ही सांगाल का?