टकळीवर सूत सारखे तुटते: पेळूचा दोष की हाताचा?

नवसूत
पितळी चकतीची टकळी (हाताने फिरवून सूत कातायची छोटी दांडी) आणि १०० ग्रॅम तयार पेळू (पिंजलेल्या कापसाच्या सैल वळ्या) घेतले आहेत. रोज अर्धा तास सराव चालू आहे. अडचणी अशा: हातभर सूत निघाले की तुटते. जे निघते ते एकसारखे नसते, कुठे सुतळीइतके जाड तर कुठे केसासारखे बारीक. सैल सोडले की काही ठिकाणी स्वतःभोवतीच गुंडाळून घेते. पुढे या सुताचा एक छोटा टॉवेल विणून घ्यायचा आहे. पीळ किती द्यावा हे कसे ओळखायचे? आणि टकळी सोडून सरळ पेटी चरखा घ्यावा का?

कापूसवेल
आधी तुटलेली टोके पाहा, ती सगळे सांगतात. टोक लांबट, झुपकेदार असेल आणि तुटताना आवाज न होता सूत नुसते सुटून आले असेल तर पीळ कमी पडला, तंतू एकमेकांवरून घसरले. टोक आखूड असेल, तट्‌कन तुटून लगेच कुरळे झाले असेल तर त्या जागी सूत फार बारीक होते आणि पीळ जास्त झाला. दोन्हींवरचे उपाय उलटे आहेत, म्हणून न पाहता 'आणखी फिरवा' असा सल्ला देण्यात अर्थ नाही.

जाड-बारीक होण्याचे कारण एकच. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. बारीक जागा आधी पिळली जाते, घट्ट होते आणि तिथले तंतू सरकायचे थांबतात. जाड जागेपर्यंत पीळ कमी पोचतो, म्हणून ती अजून मऊ असते आणि ओढली तर लांबते. कापूस कातण्याचे सगळे कौशल्य या एका गोष्टीवर उभे आहे: थोडा पीळ असताना ओढा, जाड भाग आपोआप बारीक होऊ द्या आणि मगच पूर्ण पीळ भरा. नवशिके बहुधा उलटे करतात. आधी भरपूर फिरवतात, मग ओढतात. तोवर सगळे घट्ट झालेले असते, जोर लावला की सर्वांत बारीक जागा तुटते.

पेळू कसा धरता तेही बघा. अंगठा आणि पहिली दोन बोटे, बस. उरलेला पेळू तळहातावर मोकळा पडलेला असावा. मूठ आवळली की घामाने आणि दाबाने तंतू चिकटतात. पावसाळ्यात पिशवीत दबून राहिलेले पेळूही असेच हट्टी होतात. ते थोडा वेळ उन्हात ठेवा, हलक्या हाताने उकलून पिंजा आणि गुळगुळीत सळईवर पुन्हा सैल वळा. एक वीत लांबी आणि बोटाएवढी जाडी पुरे. चांगल्या पेळूचे टोक ओढले की तंतू एका चालीने सरकत येतात. गुठळी येत असेल तर दोष हाताचा नाही, पिंजणीचा आहे.

पेळूवाली
वरच्या उत्तराला जोडून टकळीवरची कृती लिहिते.

दोनेक फूट तयार सूत चकतीच्या वर दांडीला बांधा, दोन-चार वेढे द्या, वर नेऊन दांडीच्या टोकाच्या आकड्यात अडकवा. टकळीचे खालचे टोक करवंटीत किंवा गुळगुळीत वाटीत टेका. कापसाचे ताजे सूत टकळीचे वजन पेलत नाही, लोंबकळत कातू नका. तयार सुताचे मोकळे टोक थोडे उकलून पेळूच्या तोंडावर इंच-दीड इंच ठेवा. उजव्या हाताने चुटकी वाजवल्यासारखी टकळी फिरवा. पीळ चढून दोन्ही तंतू एकमेकांत गुंतले की जोड झाला. गाठ कधीही मारायची नाही, विणताना मागाच्या फणीत अडकते.

आता पेळू धरलेला डावा हात सावकाश वर न्या. पीळ येण्याचा वेग आणि हाताचा वेग जुळला पाहिजे. दीड-दोन फूट झाले की नवा कापूस सोडणे थांबवा, चिमूट बंद करा आणि धागा हलकेच ताणा. जाड जागा इथे सुधारतात. हट्टी गाठ राहिलीच तर तिच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरा, पिळाच्या उलट थोडे फिरवा आणि ओढा, उकलते. मग पुन्हा दोन-तीन चुटक्या मारून पक्का पीळ द्या, आकड्यातून काढा आणि चकतीच्या लगेच वर गुंडाळा, खाली रुंद आणि वर निमुळते. टकळी जड होऊन डुलायला लागली की सूत उतरवा.

कापूस कोणता, हेही विचारून घ्या. देशी कापसाचा तंतू आखूड आणि भरड. त्याला ओढ कमी आणि पीळ जास्त लागतो. संकरित कापसाचा मध्यम-लांब तंतू नवशिक्याला सोपा जातो. देशी सुताची मजा वेगळी आहे, पण सुरुवात त्याने करू नका.

घोंगडीप्रेमी
मी म्हणेन, आधी लोकरीवर शिका. तंतू लांब असतो, तुटत नाही. दख्खनी मेंढीची लोकर आपल्याकडेच मिळते.

पेळूवाली
ओढ समजायला लोकर चांगली, पण या टकळीवर नको. दख्खनी लोकर भरड आणि राठ. तिला जड आणि सावकाश फिरणारी चाती (सूत पिळणारी फिरती सळई) लागते. ही टकळी हलकी आणि वेगवान आहे, आखूड तंतूसाठीच बनलेली. ज्यांना कापसाचा टॉवेल हवा त्यांनी कापसावरच हात बसवावा.

नवसूत
टोके पाहिली. बहुतेक झुपकेदार आहेत, म्हणजे पीळ कमी. पण मग गुंडाळणारे भाग कसे?

कापूसवेल
तेच. सगळा पीळ बारीक भागात साचला, जाड भाग उपाशी राहिला. आधी जाडी सारखी करा, पीळ आपोआप सारखा होईल.

पिळाचा आकडाच हवा असेल तर सूत अंकाचे (सुताच्या बारीकपणाचे माप; अंक मोठा तितके सूत बारीक) वर्गमूळ काढून ४ ने गुणा. ९ अंकाला इंचाला १२ पीळ, १६ अंकाला १६. ताण्यासाठी (कापडाचे उभे धागे) याहून थोडा जास्त, बाण्यासाठी (आडवे धागे) थोडा कमी. ताजे सूत सैल सोडल्यावर जरा वळणारच, त्याला घाबरू नका.

अंक काढायला १०० मीटर सूत मोजा. चार फुटी फाळक्यावर (सूत गुंडाळून मोजायची चौकट) ते ८२ फेरे होतात. (खादीतले जुने मापही चार फुटी तारेचेच: १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी.) ते सूत सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर तोला. मीटरला ग्रॅमने भागून ०.५९ ने गुणले की अंक. १०० मीटर ५ ग्रॅम भरले तर अंक जवळजवळ १२. शिकणाऱ्याने १० ते १२ अंकाच्या आसपास राहावे. बारीक सुताचा मोह नंतर.

मागकाठ
चरख्याबद्दल. पेटी चरखा, म्हणजे जुना येरवडा चक्र, घ्यायला हरकत नाही, पण महिनाभर टकळीनंतर. चरख्यावर पीळ इतका झपाट्याने चढतो की डाव्या हाताला ओढ माहीत नसेल तर तुटण्याचा वेगच वाढतो.

घेतल्यावर पहिले काम: चातीला कागदाची पताका चिकटवा, चाक सावकाश एकदा फिरवा आणि चातीचे फेरे मोजा. समजा ८० आले. २४ इंच सुताला इंचाला १४ पीळ म्हणजे ३३६ फेरे, म्हणजे चाकाचे चार फेरे आणि थोडे. हा हिशेब एकदा केला की अंदाजाने फिरवणे थांबते.

पीळ देताना सूत चातीच्या टोकावरून तिरके निघावे, प्रत्येक फेऱ्याला टोकावरून निसटले पाहिजे. गुंडाळताना चातीशी काटकोनात धरा. त्या दोहोंमध्ये चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडायला विसरू नका. निम्मी सुते इथेच तुटतात. चाती वाकडी असेल तर थरथरते, तेव्हा कितीही चांगला हात चालत नाही. सपाट काचेवर लोळवून तपासा. माळ (चाकावरून चाती फिरवणारी दोरी) घसरत असेल तर किंचित मेण, चातीच्या आधाराला एक थेंब तेल.

टॉवेलचा अंदाज देतो: ४५ बाय ७० सेंटीमीटर, १२ अंक, सेंटीमीटरला १४ धागे. ताण्याला ६३० धागे, मागावरची नासधूस धरून प्रत्येकी सुमारे १.१ मीटर, म्हणजे सुमारे ७०० मीटर. बाण्याला ९८० फेऱ्या, अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे ४९० मीटर. एकूण ६० ग्रॅम, आणि तुटफूट धरून ७५-८०. पण पहिल्या टॉवेलला हातसूत ताण्यात घालू नका. एकेरी हातसुताचा ताणा खळ दिल्याशिवाय टिकत नाही, मागाच्या वहीच्या (ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीच्या) घासण्याने पिंजून जातो. ताणा गिरणीच्या दुहेरी सुताचा, बाणा तुमचा. म्हणजे २५ ग्रॅम सूत झाले की विणायला द्या.

द्यायच्या आधी सुताची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळा. पाणी पिवळसर होईल. तंतूंवरचे मेण निघते आणि पीळ बसतो. निथळवून, खाली हलके वजन लावून सावलीत वाळवा. गुंडाळून घेणारे सूत त्यानंतर निमूट सरळ राहते.

नवसूत
जाडी सारखी करण्यावरच लक्ष ठेवून कातले. आज सहा वेळा पूर्ण हात निघाला, एकदाच तुटले. तुटलेले टोक अजून झुपकेदारच आहे, म्हणून शेवटच्या चुटक्या वाढवते आहे.