मदत हवी आहे: चार आवृत्त्यांमधली चार पात्रं एकाच टेबलावर कशी खेळवायची?

नमस्कार मंडळी,

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत आपापलं पात्र रंगवायचा खेळ) खेळवणाऱ्या जाणकारांची मदत हवी आहे. आमच्या गटातल्या चौघांनी आपापल्या जुन्या मोहिमांमधलं लाडकं पात्र पुन्हा बाहेर काढायचं ठरवलं आहे. चार वेगळ्या जगांची दारं एका पडक्या मनोऱ्यात उघडतात आणि चौघांनी मिळून एका लाल ड्रॅगनला तोंड द्यायचं, एवढीच कथा. दोन-तीन बैठकांत संपेल. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी आहे.

अडचण अशी की थीफ आहे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतली, विझर्ड २००३ च्या साडेतीन (३.५) आवृत्तीमधला, वॉरलॉर्ड २००८ च्या चौथीतला आणि पॅलाडिन २०१४ च्या पाचवीतली. सगळे नवव्या लेव्हलचे, पण त्या लेव्हलवर फार विसंबता येत नाही. तिथे पोचायला दुसऱ्या आवृत्तीतल्या थीफला १,१०,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, साडेतीनमध्ये ३६,००० आणि पाचवीत ४८,०००.

थॅकोचं (जुन्या आवृत्तीत वार लागायला फाशावर हवा असलेला मूळ आकडा) गणित मला जमतं. थीफचा थॅको १६, तो २० मधून वजा केला की हल्ल्याचा बोनस +४. तिचा एसी (बचावाचा आकडा, तेव्हा कमी असेल तितका चांगला) २, म्हणजे आजच्या हिशेबात १८. इथवर ठीक. पण पाचवीतल्या तरुण लाल ड्रॅगनचा एसी १८ आहे. त्याला वार लागायला थीफला वीस बाजूंच्या फाशावर १४ हवेत, पॅलाडिनला (+९) ९ पुरतात आणि वॉरलॉर्डला (+१४) फक्त ४. उलट बाजूनेही तसंच. ड्रॅगनचा हल्ला +१०, म्हणजे पॅलाडिनच्या २० एसीला तो १० वर लागतो, वॉरलॉर्डच्या २५ ला १५ लागतात.

थीफची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. तिचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) ३४. ड्रॅगनची एक फुंकर म्हणजे १६डी६ (सहा बाजूंचे १६ फासे), सरासरी ५६. तिच्या शीटवर (पात्राच्या आकड्यांच्या कागदावर) ब्रेथ वेपनचा, म्हणजे फुंकरीपासून वाचण्याचा, सेव्हिंग थ्रो १४ आहे, म्हणजे २० पैकी ७ वेळा वाचणार, आणि वाचली तरी २८ जाणार. जिने ते पात्र वर्षानुवर्षं जपलं, तिला पहिल्याच फेरीत आडवं झालेलं बघायची माझी तयारी नाही.

दुसरं टोक विझर्डचं. तो फ्लाय, हेस्ट आणि स्टोनस्किन एकाच वेळी अंगावर घेऊन उभा राहतो. साडेतीनच्या नियमांत ते रास्त आहे. पाचवीत हे तिन्ही स्पेल कॉन्सन्ट्रेशनचे (लक्ष एकवटून टिकवायचे), त्यामुळे एका वेळी एकच टिकतो.

सगळ्यांना पाचवीत आणणं सोपं आहे, हे मला कळतं. पण मग थीफचे लपण्याबिपण्याचे टक्के जातात, विझर्डचं सकाळी बसून एकेक स्पेल मोजून तयार करणं जातं आणि वॉरलॉर्डचा तर क्लासच तिथे नाही. हे लोक आकड्यांसाठी येत नाहीत. आपली पाळी आली की हे पात्र जे करायचं, तेच पुन्हा करायला मिळावं म्हणून येताहेत. ते राखून लढाई बरोबरीची कशी करायची? कोणी असं खेळवलं असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

माझं स्पष्ट मत: पाचवीत नव्याने बांधा. जुने आकडे ओढूनताणून बसवण्यापेक्षा त्याच स्वभावाचं पात्र नव्या नियमांत उभं करणं बरं. थीफला ‘रोग’ (Rogue, पाचवीतला तिच्यासारखा क्लास) करा, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असेल तर हिट पॉइंट ६६ होतात. (दुसऱ्या आवृत्तीत १४ ला हिट पॉइंटचा एकही बोनस नव्हता, फरक कुठून येतो ते त्यात दिसतं.) शिवाय इव्हेजन मिळतं, म्हणजे सेव्ह जमला तर फुंकरीचं नुकसान शून्य. वॉरलॉर्डसाठी बॅटल मास्टर फायटर घ्या. कमांडर्स स्ट्राइक हे मनूव्हर (साथीदाराला वार करायला लावायचा डाव) त्यात आहेच.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. बॅटल मास्टरला नवव्या लेव्हलला पाच सुपिरिऑरिटी डाइस (मनूव्हरसाठी खर्चायचे फासे) मिळतात, ते संपले की विश्रांतीपर्यंत गप्प. चौथीतला वॉरलॉर्ड दर फेरीला दुसऱ्याला वार करायला लावू शकतो. तेवढंच तर त्याचं वैशिष्ट्य, ते रेशनवर दिलंत तर तो खेळाडू कंटाळेल.

मी असंच मिश्र टेबल खेळवलं तेव्हा एक रेघ आखली होती. दोन पात्रांचे किंवा पात्र आणि राक्षसाचे आकडे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे पाचवी: हल्ल्याचा बोनस, एसी, हिट पॉइंट, सेव्ह. बाकी ज्याच्या त्याच्या शीटवर जे आहे ते.

थीफचे टक्के खुशाल ठेवा. लपण्याचे ६५ टक्के असतील तर शंभराचे फासे टाकू द्या. समोरचा फारच तरबेज असेल तेव्हा डीसी (गाठायचा आकडा) १५ समोर +७ धरा, शक्यता तीच राहते. बॅकस्टॅबला (थीफच्या पाठीमागून केलेल्या वाराला) लोक उगाच घाबरतात. नवव्या लेव्हलला चौपट होते ती फक्त शस्त्राची इजा, शॉर्ट स्वोर्डची सरासरी १४. पाचवीतला स्नीक अटॅक (रोगच्या वाराची जादा इजा) ५डी६ म्हणजे साडेसतरा, तोही जवळजवळ दर फेरीला. त्यामुळे लपून केलेल्या पहिल्या वाराला बॅकस्टॅब आणि त्यानंतर स्नीक अटॅक, असं दोन्ही दिलं तरी काही बिघडत नाही.

विझर्डचे तयार केलेले स्पेल जसेच्या तसे राहू द्या. फायरबॉल तिथे ९डी६, इथे ८डी६, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. इंटेलिजन्स २० च्या वर असेल तर मात्र तो २० पर्यंत खाली आणा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रेघेची कल्पना फार आवडली, तीच धरते. थीफचे हिट पॉइंट आणि सेव्ह पाचवीचे, टक्के तिचे. दोन गोष्टी राहिल्या. विझर्डचे तीन स्पेल हवेत, पण पॅलाडिनला एकच कॉन्सन्ट्रेशन हे तिला खटकेल. आणि वॉरलॉर्डचं इन्स्पायरिंग वर्ड (साथीदाराला सावरणारी त्याची शक्ती) समोरच्याचा हीलिंग सर्ज (चौथीत हिट पॉइंट भरून काढायचा मोजका साठा) खर्च करतं, तो बाकी कोणाकडेच नाही.

प्रतिसाद २

विझर्डला दोन द्या, तीन नको. मार बसला की दोन्हींसाठी मिळून एकच कॉन्सन्ट्रेशन सेव्ह, आणि तो चुकला की दोन्ही स्पेल जातात. त्याला जुनी मजा मिळते आणि त्याची किंमतही सगळ्यांना दिसते. पॅलाडिनच्या खेळाडूशी हे आधीच बोलून घ्या, लढाईच्या मध्यावर तिला कळू देऊ नका.

सर्जच्या जागी हिट डाइस (पाचवीत विश्रांती घेताना हिट पॉइंट परत मिळवायचे फासे) वापरा. लढाईत दोनदा, समोरच्याने स्वतःचे दोन हिट डाइस टाकायचे आणि वर वॉरलॉर्डचे २डी६. थीफचे साधारण २० परत येतात, मूळ सर्जच्या हिशेबात २३ आले असते. फार फरक नाही.

आणि ड्रॅगनच्या आधी मनोऱ्यात एखादी लहान चकमक ठेवा. चारही शीट एकदा खऱ्या फाशांखाली गेली की कुठला आकडा हलवायचा ते तुम्हालाच दिसेल, आणि तो बदल चौघांना सांगूनच ड्रॅगनकडे वळा.