चॅपल म्हणजे लहान चर्च का?

यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या व्हिक्टोरियन इमारतींवर मराठीत टिपण लिहितोय. तीन शब्दांपाशी अडलोय: चॅपल, नॅशनल स्कूल, टाउन हॉल. 'लहान चर्च', 'राष्ट्रीय शाळा' आणि 'नगरसभागृह' असं केलंय. चालेल का?

—

पहिलं बरोबर वाटतं. आमच्या गोव्यात इगर्ज मोठी, कपेल धाकटी.

—

गोव्याचं माप तिकडे लावू नका, घोटाळा होईल. गोव्यात दोन्हीकडे कॅथलिकच. यॉर्कशरमध्ये चर्च म्हणजे राजमान्य अँग्लिकन पंथाचं आणि चॅपल म्हणजे त्याबाहेरच्या मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल मंडळींचं. लहानमोठेपणाचा संबंध नाही. "तुम्ही चर्चवाले की चॅपलवाले?" हे विचारणं म्हणजे जवळजवळ घराणं विचारणं. 1837 पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडले तर बाकीच्यांना लग्नसुद्धा अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागे.

तुमच्या हॅलिफॅक्समध्येच बघा. स्क्वेअर चॅपल 1772 चं, लाल विटांचं, चौकोनी, ऐसपैस. पुढे त्या मंडळींतलं क्रॉसली घराणं गालिच्यांच्या धंद्यात गबर झालं. मग 1857 मध्ये जुन्याला खेटूनच टोकदार कमानींचं, उंच शिखराचं गॉथिक मंदिर उभं राहिलं आणि त्याचं नाव काय, तर स्क्वेअर चर्च! पंथ तोच, माणसं तीच. पैसा आला तसा शब्द चढला. (आता त्याचं शिखर तेवढं शिल्लक आहे, जुनं चॅपल मात्र उभं.) दोनच वर्षांत दुसरे गिरणीमालक एडवर्ड अ‍ॅक्रॉइड यांनी ऑल सोल्स हे अँग्लिकन चर्च बांधून घेतलं, शिखर 236 फूट. वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरचेच.

तेव्हा 'चॅपल'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'अँग्लिकनेतर प्रार्थनाघर' असं जोडा.

—

'राष्ट्रीय शाळा' तर अजिबात नको! मराठी वाचकाला टिळक आणि स्वदेशी आठवणार. तिकडची नॅशनल स्कूल म्हणजे 1811 च्या नॅशनल सोसायटीची, गरिबांच्या पोरांना अँग्लिकन शिकवण देणारी शाळा. शिवाय 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर निवडून आलेल्या स्थानिक शाळा-मंडळांच्या बोर्ड स्कूल आल्या, त्या वेगळ्या. तो कायदा आणणारे फॉर्स्टर शेजारच्याच ब्रॅडफर्डचे खासदार.

—

टाउन हॉल तसाच राहू द्या. कोल्हापूरकर टाउन हॉलमधलं संग्रहालय बघतात, कुणी अडत नाही. फक्त 'सभागृह' नको, तिथे नगरपालिकेचा कारभारही चाले. हॅलिफॅक्सचा 1863 चा, चार्ल्स बॅरींच्या आराखड्याचा.

—

आभार. स्क्वेअर चॅपलच्या फोटोखाली 'हे टुमदार छोटं चर्च' असं लिहून बसलो होतो, खोडलं. आता 'ब्रिटिश स्कूल'चं काय करू? तिथे 'इंग्रजांची शाळा' केलंय.

—

अहो, इंग्लंडात सगळ्याच इंग्रजांच्या! त्या ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटीच्या शाळा. नॅशनलला चर्चवाल्यांचा आधार, तसा यांना चॅपलवाल्यांचा.