मदत हवी आहे: गॅडोलिनियमचं त्रिकोणी केंद्र ऑक्सिजनमुळे की फ्लुओराइडमुळे?

कॅल्शियम फ्लुओराइडचा स्फटिक, गॅडोलिनियम ०.०५ टक्के, ३×३×२ मिमी. ईपीआर (चुंबकक्षेत्रात मायक्रोवेव्हचं शोषण मोजून आयनभोवतीची मांडणी ओळखायची पद्धत) एक्स-बँडवर (९.४५ गिगाहर्ट्‌झ), खोलीच्या तापमानाला, मॉड्युलेशन १ गॉस, पॉवर २ मिलिवॅट. (१११) ही फुटीची बाजू दांडीला उभी चिकटवून [११०] जातीच्या अक्षाभोवती ५-५ अंशांनी फिरवलाय, म्हणजे स्फटिकाच्या [००१], [१११], [११०] तिन्ही दिशा एकाच फेरीत मिळतात.

मूळ तुकड्यात घन आणि चौकोनी केंद्रंच होती (केंद्र म्हणजे गॅडोलिनियम आयन आणि त्याच्या शेजारची मांडणी, नाव सममितीवरून). ८०० अंशांवर आर्गॉनमध्ये ४ तास तापवल्यावर रेषांचा नवा संच आला. चुंबकक्षेत्र [१११]वर असताना चौकोनीचे तिन्ही संच एकावर एक येतात, हा नवा मात्र १ आणि ३ असा फुटतो. त्रिकोणीच, शंका नाही.

संशय ओलाव्यावर, ऑक्सिजन त्यातूनच शिरला असेल. पणजीतला जुलै, आर्गॉन फक्त सिलिका जेलमधून गेलेला (ही चूकच). कडांवर दुधी पापुद्रा होता, ०.३ मिमी घासून काढला, रेषा तशाच.

एंडॉर (शेजारचे अणुगर्भ थेट ओळखणारी ईपीआरची जोडपद्धत) नाही, द्रव हेलियम नाही. ७७ केल्विनपर्यंत जाता येतं. पावडर करायची नाही, तुकडा एकच आहे.

शेजारच्या फ्लुओराइडच्या जागी ऑक्सिजन बसलाय की [१११] दिशेला दूरवर जादा फ्लुओराइड आहे, हे नुसत्या अक्षीय विभाजनाच्या (केंद्राच्या अक्षामुळे रेषा किती फाकतात त्याच्या) आकड्यावरून खात्रीने सांगता येईल का? की कोरड्या वायूत पुन्हा तापवून पाहणं हाच एक मार्ग उरतो?