नंबरप्लेटची मुदत पाचव्यांदा वाढली, म्हणून थांबायचं का?

शाहूपुरीकर

३१ मार्च २०२५. मग ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर, आणि पाचव्यांदा ३१ डिसेंबर २०२५. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवायची तारीख महाराष्ट्रात पाच वेळा पुढे गेली. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, 'घाई कशाला, अजून वाढेल.' मीही जवळजवळ वर्षभर तेच म्हणत होतो. आता म्हणत नाही.

मार्चमध्ये वडील गेले. त्यांची २०१२ ची स्कूटर आहे. शेवटचे आठ महिने त्यांची शुश्रूषा करायला ज्या मावशी यायच्या, त्यांच्या मुलीला ती द्यावी अशी आईची इच्छा. मुलगी एमआयडीसीत कामाला लागली आहे, दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते आणि त्या वेळी एसटी नाही. ऑक्टोबरमध्ये आरटीओत कागद करायला गेलो. आधी वारस म्हणून आईच्या नावावर, मग त्या मुलीच्या नावावर. खिडकीवर पहिला प्रश्न आला, नवी प्लेट बसवलीय का? नसेल तर नावावर करणं, पत्ता बदलणं, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं, काहीच होत नाही. घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करायला बसलो, तर इंजिन नंबर जुळेना. जुनं रेकॉर्ड संगणकावर चढवताना कुणाच्या तरी हातून एक आकडा चुकलेला. ती दुरुस्ती, मग प्लेट बसवायची तारीख, ती तीन आठवड्यांनंतरची. तोवर त्या मुलीने व्याजाने पैसे काढून जुनी गाडी घेतली. वडिलांची स्कूटर जिन्याखाली उभी आहे.

म्हणून सांगतो, पोलीस अडवतील की नाही याचा हिशेब करत बसू नका. आरटीओत काम निघालं की त्या क्षणी ती प्लेट लागते, आणि काम कधी निघेल हे आपल्या हातात नसतं.

खटावचा_बागायतदार

तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही.

माझ्या घरी दोन मोटरसायकली, एक ट्रॅक्टर, एक पिकअप. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, चारचाकीला ७४५, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५३१ चे तीन आणि ८७९ चा एक, जवळजवळ अडीच हजार. बसवायचं केंद्र आमच्यापासून ३८ किलोमीटर. चार गाड्या एका दिवशी न्यायला चार माणसं लागतात, आणि ट्रॅक्टर तिथवर नेऊन आणायचं डिझेल कोण धरतो? सध्या ऊसतोड चालू आहे. टोळी दारात आल्यावर मी ट्रॅक्टर घेऊन नंबरप्लेटच्या रांगेत उभा राहू?

आणि तारखेचं म्हणाल तर ज्यांनी पहिल्या मुदतीत बसवली त्यांनी रजा काढली, पैसे भरले, सर्व्हर बंद म्हणून दोनदा परत आले. ज्यांनी बसवली नाही त्यांना पाच वेळा सूट. सरकारच आपल्या तारखेला मान देत नसेल तर मी का द्यावा? शेजारच्या राज्यांपेक्षा दर जास्त असल्याचा आरोप विरोधकांनी केला, सरकारने तो नाकारला. आमच्यापर्यंत आली ती फक्त पावती.

वर्कशॉप_मिस्त्री

दराच्या वादात मी पडत नाही. बावीस वर्षं गाड्यांवर काम करतोय, वस्तूबद्दल सांगतो.

जुनी प्लेट म्हणजे दोन बोल्ट. दहा नंबरचा पाना असला की दोन मिनिटांत या गाडीची त्या गाडीला. नवी प्लेट स्नॅप लॉकने बसते. ते एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, आणि तोडलं की पुन्हा बसत नाही. पत्रा ॲल्युमिनियमचा. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा होलोग्राम, २० बाय २० मिलिमीटर, उष्णतेने ठसवलेला. खाली डाव्या कोपऱ्यात लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक. तो क्रमांक तुमच्या गाडीच्या नोंदीला जोडलेला असतो. अक्षरं उठावाची, आणि त्यांच्यावर तिरकं 'इंडिया' लिहिलेलं. मोटारीला आतून काचेवर स्टिकर येतो, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी.

गल्लीतला रेडियमवाला 'आयएनडी' लिहिलेली तशीच दिसणारी पाटी करून देतो. ती घेऊ नका. नखाने खरवडून होलोग्राम सुटला तर ती खोटी. गेल्या महिन्यात माझ्याकडे अशा तीन गाड्या आल्या. तिघांनीही पैसे दोनदा भरले, आधी तिथे आणि मग खऱ्या प्लेटला.

सोलापूरची_चादर

मिस्त्री, पाटी मजबूत असेल. माझा प्रश्न वेगळा आहे.

मला वाशीचं ई-चलान आलं. त्या दिवशी माझी गाडी सोलापुरात, माझ्याच दुकानासमोर. चलानावरच्या फोटोत नंबर माझा, गाडी काळी. माझी लाल. कुणीतरी माझा नंबर रंगवून फिरतोय. तक्रार करून ते रद्द व्हायला चार महिने गेले, प्रत्येक वेळी दुकान बंद ठेवून. आता मी नवी प्लेट बसवली तर तो माणूस थांबणार आहे का? कॅमेरा फक्त नंबर वाचतो. कोपऱ्यातला लेसरचा क्रमांक त्याला कुठे दिसतो? चोराने खोटीच पाटी लावायची ठरवली तर माझ्या ५३१ रुपयांनी माझं काय रक्षण होतं, ते मला कुणीतरी समजावून सांगा. मी रागाने विचारत नाहीये, खरंच विचारतोय.

शाहूपुरीकर

@सोलापूरची_चादर, एकट्या तुमच्या प्लेटने काही होत नाही, हे मान्यच. माझ्या समजुतीप्रमाणे फायदा सगळ्यांच्या बसल्यावर आहे. आज रस्त्यावर बऱ्याच गाड्यांना साधी पाटी, त्यामुळे रंगवलेली पाटी गर्दीत खपून जाते. सगळ्यांना नवी असेल तेव्हा तुमच्या नंबरची ती काळी गाडी साध्या पाटीने चौकातल्या हवालदाराच्याही डोळ्यांत भरेल. नकली एचएसआरपी लावली तरी अडवल्यावर लेसरचा क्रमांक नोंदीशी जुळणार नाही.

२५ फेब्रुवारी २०२१ आठवा. मुंबईत मुकेश अंबानींच्या घराजवळ स्फोटकं असलेली स्कॉर्पिओ सापडली. तिच्यावरचा नंबर खोटा होता, आणि आत आणखीही नंबरप्लेट होत्या. ही प्लेट नियमात आली २००१ साली. राज्यं टाळत राहिली, सर्वोच्च न्यायालयाला वारंवार बजावावं लागलं, आणि नव्या गाड्यांना ती कारखान्यापासून मिळायला एप्रिल २०१९ उजाडलं. आपण नऊ महिन्यांची चर्चा करतोय, उशीर मुळात वीस वर्षांचा आहे.

खटावचा_बागायतदार

बरोबर. आणि वीस वर्षांचा उशीर सरकारचा असताना दंडाची भीती आम्हाला.

आजोबांची_राजदूत

पैसे आणि वेळ दोन्ही बाजूला ठेवून एक सांगते. आमच्या गाडीवर मराठी आकडे आहेत. आजोबांनी पेंटरकडून लिहून घेतले होते, वडिलांनी तेच पुन्हा गिरवून घेतले. नव्या पाटीवर सगळं इंग्रजी. महाराष्ट्रात मराठी आकड्यांना जागा का नाही?

वर्कशॉप_मिस्त्री

ताई, नियम १९८९ चे. त्यात अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीयच सांगितलेत. मराठी पाटी तेव्हापासूनच नियमात बसत नव्हती, कुणी अडवत नव्हतं इतकंच. जुनी पाटी केंद्रावर जमा करून घेतात. आधी तिचा चांगला फोटो काढून ठेवा.

सचिव_बी_विंग

आमच्या सोसायटीने काय केलं ते लिहिते, कारण बागायतदारांची अडचण मला खरी वाटते.

आम्ही व्हॉट्सॲपवर यादी केली. पंचवीसच्या वर गाड्या असतील तर प्लेट बसवणारा माणूस सोसायटीत येऊन बसवून देतो, फेरीचे वेगळे पैसे नाहीत. एका रविवारी ६१ गाड्या झाल्या. यादी करताना प्रत्येकाकडून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि चासीवर कोरलेल्या नंबरचा फोटो घेतला. चार गाड्यांचा नंबर पोर्टलशी जुळत नव्हता, शाहूपुरीकरांसारखाच. ते आधीच कळलं म्हणून दुरुस्त झालं. दोघांनी मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरले होते, ती साइटच बनावट निघाली. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आपला आरटीओ निवडून आत जा, दुसरीकडून नको.

ज्यांची गाडी पंधरा वर्षांची व्हायला आलीय त्यांनी आरसीवरची तारीखही बघा. नोंदणीचं नूतनीकरण वेगळं, आणि त्याची तारीख कुणी वाढवत नाही. एप्रिल २०२२ पासून मोटरसायकलचं शुल्क ३०० वरून १,००० झालं, मोटारीचं ६०० वरून ५,०००. उशिराबद्दल दुचाकीला दरमहा ३००. पर्यावरण कर निराळा. आमच्याकडे एका काकांना हे चौदा महिन्यांनी कळलं, ४,२०० रुपये नुसते उशिराचे गेले. निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस.

खटावचा_बागायतदार

हे पंचवीस गाड्यांचं आम्हाला कुणी सांगितलं नाही. वाडीसकट गावात दोनशेच्या वर गाड्या निघतील. ग्रामपंचायतीच्या पटांगणात एक दिवस माणूस आला तर प्रश्नच मिटतो. मग हे परिवहन विभागाने गावोगाव का नाही केलं? शिबिर लावायचं, आधी बोर्ड लावायचा. तसं केलं असतं तर पाच वेळा तारीख वाढवायची पाळी आली नसती. माझं मत अजून तेच आहे, आधी सोय करा आणि मग मुदत घाला.

शाहूपुरीकर

त्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. मुदत वाढवण्याऐवजी केंद्रं वाढवायला हवी होती. तरी माझं म्हणणंही सोडत नाही. तुमच्या पिकअपवर कर्ज आहे का? फिटलं असेल तर बोजा उतरवायला जाल तेव्हा खिडकीवर तोच पहिला प्रश्न येणार आहे.

खटावचा_बागायतदार

फेब्रुवारीत शेवटचा हप्ता आहे.

बरं. ग्रामसेवकांशी सोमवारी बोलतो. सचिव ताई, तुमच्या यादीत कुठले रकाने होते ते इथे टाकाल का? चासी नंबरचा फोटो ट्रॅक्टरचा कुठून काढायचा, तेही मिस्त्रींनी सांगावं.

वर्कशॉप_मिस्त्री

मॉडेल कुठलं, कुठल्या साली घेतलेला? जागा प्रत्येकात वेगळी असते. आधी चिखल धुवा, मग तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, आकडे झिजवू नका. मग खडू फिरवा, म्हणजे कोरलेलं पांढरं उठून दिसतं. फोटो उन्हात काढा.