'२४ तास थांबा' खटकतंच

एका कथेबद्दल विचारलंय: नाशिकच्या रामकुंडावर मूल हरवतं आणि हवालदार 'तक्रारीसाठी २४ तास थांबा' म्हणतो, हे पटतं का? कथानक २०१५च्या सिंहस्थातलं, म्हणून नाही पटत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर अल्पवयीन हरवलं की लगेच गुन्हा नोंदवायचा, अपहरणाचा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३६३. चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे. हवालदार टाळाटाळ करतोय असं दाखवा की, पण नियम म्हणून नको.

खरी पकड उत्तरार्धात आहे. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो. आई धरत नाही. घाटावर लोक पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतायत, हिच्या पिशवीत पोराचा स्वेटर. (तो दर थंडीत एक नंबर मोठा दाखवायला हवा होता.)